सुराखालची ठकठक

कानवाल्या बाईंच्या पियानोत ठकठक होते, ही गोष्ट वर्षभर एकाच माणसाला ठाऊक होती. तो माणूस म्हणजे बाईंचा नवरा. त्याने ती या कानाची त्या कानाला कळू दिली नव्हती. पण शुक्रवारी लेक आली, बॅग दारातच टाकून आधी पियानोपाशी बसली, आईची आवडती चाल वाजवायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली.

"बाबा, हे काय आहे?"

"काय?" तो स्वयंपाकघरातून म्हणाला. काय ते त्याला चांगलं माहीत होतं.

"इकडे या. ऐका." तिने मधली एक पांढरी पट्टी जोरात मारली. सूर उमटला आणि सुराच्या खाली, कुणी दारावर बोटाच्या पेराने एकदाच मारावं तसं, ठक.

"हवा दमट आहे गं. लाकूड फुगतं."

"हवेला कशाला नावं ठेवता? आई काय म्हणायची? नाचता येईना अंगण वाकडं, आणि वाजवता येईना हवा दमट." तिने पुन्हा पट्टी मारली. ठक. "आईच्या पियानोत! म्हणजे दिव्याखाली अंधारच की."

त्याने ओला हात पँटला पुसला आणि उगाच खिडकीकडे बघत राहिला.

रविवारी कानवाल्या बाईंना जाऊन वर्ष होणार होतं. लेकीने आईच्या ओळखीची माणसं घरी बोलावली होती. आई ज्यांचे पियानो बघायची ते शिक्षक, गायनशाळेच्या बाई, दोघं-तिघं वादक, आणि गाण्याच्या हॉलमधला पियानो सुरात लावणारा ट्यूनर. या ट्यूनरला सगळे पोपट म्हणत, कारण कुठलाही सूर ऐकला की तो लगेच गळ्यातून तसाच काढून दाखवायचा. त्याला हे काम तिनेच शिकवलं होतं. ही सगळी माणसं कानाची पक्की. लेक वाजवायला बसली की त्यांना ठकठक ऐकू येणार, यात शंकाच नव्हती. आणि ऐकू आली की ती दोनातलं एक समजणार. कानवालीने आळस केला असं समजणार, किंवा कानवालीचे कान गेले होते असं. आळसावर तर कुणीच विश्वास ठेवला नसता.

तिचे कान गेले होते.

ती पियानो दुरुस्त करायची आणि तो बस डेपोत मिस्त्री होता. सुटीच्या दिवशी, आणि नोकरी संपल्यावर तर रोजच, तो तिच्याबरोबर कामाला जायचा. पियानोतला आवाज शोधायला दोन माणसं लागतात. एकाने पट्टी दाबायची, दुसऱ्याने आत हात घालून एकेक भाग धरून पाहायचा. ज्या भागाला धरल्यावर आवाज बंद होतो तिथे दुखणं. ती शोधायची, हा दाबायचा. "अहो, दाबा," ती म्हणायची. हा दाबायचा. "सोडा." हा सोडायचा. लोक हसायचे. एका गिऱ्हाइकाने तर तोंडावर विचारलं होतं, "मिस्त्री, घरीपण असंच चालतं का?" तेव्हा तीच म्हणाली होती, "घरी यांनी एवढं ऐकलं असतं तर मी ठकठक कशाला शोधत बसले असते? गाऊन दाखवलं असतं."

मग ती आजारी पडली. औषधांनी तिचे केस गेले ते सगळ्यांनी पाहिलं. डोक्याला रुमाल बांधून तिनेच त्याची थट्टा केली, की चला, कंगवा वाचला. कान गेले ते मात्र कुणी पाहिलं नाही. एका सकाळी किटलीची शिट्टी वाजत राहिली आणि ती किटलीपासून दोन हातांवर उभी राहून भाजी निवडत होती. तो धावत आला, गॅस बंद केला. तिने वर पाहिलं नाही. त्या दिवशी त्याने किटलीची शिट्टी काढून चमच्यांच्या खणात मागे सारली आणि तिला म्हणाला, शिट्टी बिघडली. "बरं झालं," ती म्हणाली, "डोकं उठवायची मेली."

तिला बोलणं ऐकू यायचं. पियानोचा सूरही यायचा. बारीकसारीक मात्र गेलं होतं. आणि तिचं सगळं काम बारीकसारीक ऐकण्याचंच.

"मी पोपटकाकांना फोन करते," लेक म्हणाली. "उद्या येतील आणि तासाभरात करून जातील."

"नको."

"का नको?"

"मी करतो."

ती हसली. मग त्याचं तोंड पाहून थांबली. "बाबा, तुम्ही दाबणारे. शोधणारी आई."

"मग आता तू दाब."

शनिवारी सकाळी दोघं कामाला लागले. कानवालीचा नियम होता, आधी घर तपासायचं, मग पियानो. अर्ध्याहून जास्त आवाज पियानोत नसतातच. एका घरी ती दुपारभर पियानोत डोकं घालून बसली होती आणि शेवटी आवाज निघाला कपाटातल्या कपबशीतून. तेव्हापासून ती आधी कपाटांना हात लावायची. त्याने खिडकीची काच दाबून पाहिली, दाराला चपलेची पाचर लावली. मग पियानोवरचा तिचा फोटो उचलला. फोटोची चौकट पियानोच्या लाकडाला लागून वाजत असेल असं त्याला क्षणभर वाटलं. तसं असेल तर बरं, असंही वाटलं.

"दाब."

लेकीने दाबलं. ठक.

फोटो छातीशी धरून तो उभा राहिला. फोटोत ती हसत होती, कानामागे पेन्सिल होती. त्याने तो शेजारच्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवला, उताणा.

"आता हळू दाब. अगदी खालपर्यंत, पण हळू."

ठकठक आली नाही.

"आता जोरात."

लेकीने ती पट्टी, वरची एक, खालची एक अशी छोटीशी सुरावट घेत जोरात मारली.

"वाजवू नकोस. दाब."

"दाबतेच आहे."

"दाबत नाहीस, लाडीगोडी करतेस. एकच पट्टी. पुन्हा पुन्हा. सारखी."

"किती कंटाळवाणं काम आहे हे! आई तुम्हाला एवढी वर्षं हेच करायला लावायची?"

"मला कधी कंटाळा आला नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं. बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

पियानोच्या आत प्रत्येक पट्टीमागे एक हातोडी असते. पट्टी दाबली की ती उसळून तारेला लागते. आवाज हातोडीकडचा की खालचा, ते आधी ठरवायला हवं होतं. कानवाली ते कसं ठरवायची ते त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं आणि करणं वेगळं. त्याने लेकीला पट्टी दाबून तशीच धरून ठेवायला सांगितली. सूर विरून गेला. पट्टी खाली, हातोडी जागच्या जागी. मग त्याने दाबलेल्या पट्टीवर मुठीने टक्कन मारलं.

ठक.

"आली," लेक म्हणाली. "पण हातोडी तर हललीच नाही."

"म्हणजे वर काही नाही. आवाज खाली आहे." डेपोतही असंच असायचं. इंजिन बंद असताना बस हलवून पाहायची. तेव्हाही खडखड आली तर इंजिनाला दोष द्यायचा नाही.

त्याने पट्ट्यांच्या समोरची लांब फळी स्क्रू काढून मोकळी केली. दोन्ही टोकांचे ठोकळे काढले, झाकण काढून सोफ्यावर ठेवलं. आतलं सगळं उघडं पडलं. सगळ्या पट्ट्या आणि हातोड्या एका लाकडी सांगाड्यावर बसवलेल्या असतात आणि सांगाडा खणासारखा बाहेर निघतो.

"ओढायचा का बाहेर?" लेकीने बाह्या सरसावल्या. "मी धरते एका बाजूने."

"हात लावू नकोस! बाहेर काढला की ठकठक निघून जाते."

"मग चांगलंच आहे की."

"आत घातला की परत येते. सांगाडा जिथे टेकतो तिथलंच दुखणं असतं. टेबलावर ठेवून ते कसं दिसेल? पेशंट घरी ठेवून डॉक्टरकडे गेल्यासारखं."

"हे आईचं वाक्य."

"सगळी तिचीच आहेत. माझं काय आहे?"

लेकीने बाह्या खाली केल्या.

सांगाड्याच्या मधल्या आडव्या लाकडात ओळीने जाड स्क्रू होते. हे टेकू. त्यांची खालची टोकं तळाच्या फळीला टेकलेली हवीत. एखादा टेकू केसभर जरी वर राहिला तरी तिथे सांगाडा अधांतरी होतो, आणि वरची पट्टी जोरात मारली की खाली आपटतो. हवा बदलली, लाकूड वाकलं की असं होतं. म्हणून ती दर थंडीनंतर सगळे टेकू तपासायची. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने एकेका टेकूच्या डोक्यावर मारत गेला. टप. टप. टप. घट्ट, मुके आवाज. मधल्या पट्टीच्या जवळचा टेकू आला. ट-टक.

"हा," लेक म्हणाली. "हा वेगळा वाजला."

त्याने तिथे तळवा ठेवला. "दाब."

तिने दाबलं. ठकठक कानात येण्याआधी तळव्यात आली, लहानसा धक्का. त्याने हात काढला नाही. "पुन्हा." पुन्हा तोच धक्का. कान बंद केले असते तरी कळलं असतं.

मग त्याने चष्मा लावला, टॉर्च पेटवला आणि पट्ट्यांच्या फटीतून वाकून पाहिलं.

टेकूच्या डोक्यावर पेन्सिलीची रेघ होती.

कानवालीची पद्धत होती ती. कुठलाही स्क्रू वळवण्याआधी त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लाकडापर्यंत एक रेघ ओढायची. वळवताना चुकलं तर रेघेला रेघ लावली की आपण पहिल्या जागी परत. आणि रेघेशेजारी बारीकसा बाण, कुठल्या बाजूला वळवायचं त्याचा. काम संपलं की खूण पुसायची. यात कधी चूक नाही. कामाची खूण मागे ठेवली तर पुढच्या माणसाला वाटतं इथे अजून काही बाकी आहे, आणि तो बरं असलेलं बिघडवतो. पोपट एकदा खूण पुसायला विसरला तेव्हा तिने त्याला हॉलमध्ये सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं.

ही रेघ पुसलेली नव्हती. डोक्यावरची रेघ आणि लाकडावरची रेघ एका ओळीत होत्या, मध्ये तसूभर फरक नाही. टेकू वळवलाच नव्हता. शेजारी बाण होता.

तो तसाच वाकून राहिला. पाठ दुखायला लागली तरी उठला नाही.

"बाबा? काय झालं? सापडलं का?"

ती जायच्या महिनाभर आधीची दुपार. तिने अचानक म्हटलं, आज आपला पियानो बघू, थंडी संपली. तो नको म्हणाला, तिला बसवत नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही फक्त दाबायचंय, तुम्हाला काय होतंय?" झाकण काढलं, फळी काढली. त्याने दाबत दाबत या पट्टीवर हात आणला आणि ठकठक आली, दारावर कुणी आल्यासारखी स्पष्ट. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती आत हात घालून, मान तिरकी करून ऐकत होती, नेहमी ऐकायची तशीच. मग म्हणाली, "साफ आहे ना?"

"साफ आहे," तो म्हणाला होता.

"मग चहा टाका. मी जरा अशीच बसते."

तो चहा टाकायला गेला. किटलीला शिट्टी नव्हती म्हणून पाणी उकळेपर्यंत तिथेच उभा राहिला. परत आला तेव्हा ती सांगाड्यावर तळवा ठेवून बसली होती. आणि कानामागची पेन्सिल तिच्या हातात होती. त्याला वाटलं, सवय. जित्याची खोड.

आता कळलं. तिला हाताला लागली होती. ठकठक तिने तळव्याने ऐकली, टेकू शोधला, रेघ ओढली, बाण काढला. आणि मग थांबली. कारण वळवायला सुरुवात कुणीही करू शकतं, कुठे थांबायचं ते कानाने ठरतं. जास्त वळवलं तर सांगाडा शेजारी उचलला जातो आणि ठकठक तिकडे पळते. ती हाताने कळेल एवढी मोठी नसते. तिला त्याला विचारावं लागलं असतं, "थांबली का?" तिने ते विचारलं नाही. तो साफ आहे म्हणाला होता, आणि तो खोटं बोलतोय हे तिला तेव्हाच तळव्यातून कळलं असणार. ती त्याच्या हातचा चहा प्याली आणि झाकण लावा म्हणाली.

"बाबा, बोला ना!"

तो बाजूला झाला आणि टॉर्च तिच्या हातात दिला. तिने वाकून पाहिलं.

"आईचा बाण." तिचा आवाज बदलला. "म्हणजे तिला सापडलं होतं. मग वळवलं का नाही?"

तो पियानोच्या स्टुलावर बसला. वर्षभर जे जपलं ते असं सांगावं लागेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"तिला ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला. "शेवटचे चार-सहा महिने. औषधांनी. कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. मी आपला ओळखून होतो."

लेक पियानोला टेकून उभी राहिली. बराच वेळ तिने टॉर्च बंद केला नाही, उजेड भलतीकडेच भिंतीवर पडत होता.

"मी तिला फोनवर वाजवून दाखवायचे," ती म्हणाली. "दर आठवड्याला. आधी कशी एकेक चूक काढायची, आठवतं? डाव्या हाताचं करंगळीचं बोट आळशी आहे, म्हणायची. आणि मग नुसतं छान. प्रत्येक वेळी छान. मी मुद्दाम चुकून पाहिलं एकदा, तरी छान. मला वाटलं तिने मला सोडून दिलं. आता काय सुधारणार ही, म्हणून." तिने नाक पुसलं. "मी चिडून दोन आठवडे फोनच केला नाही, बाबा."

"ती फोन मांडीवर घेऊन बसायची," तो म्हणाला. "दोन्ही आठवडे. येईल म्हणायची. आणि आला की डोळे मिटून ऐकायची तुझं. काय ऐकू यायचं देव जाणे. पण फोन ठेवल्यावर टेबलावर बोटांनी तेच वाजवत बसायची."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी त्याला ओरडून वाट दाखवत होता, अजून, अजून, बस.

"चल," तो उठला. "दाब."

त्याने बाणाच्या दिशेने टेकू वळवायला सुरुवात केली. लेक दाबत राहिली, आता अगदी सारखी, एकाच जोराने. ठक. ठक. मग ठक बारीक झाली. मग आणखी बारीक. त्याने आणखी थोडा वळवला आणि ती गेली.

"थांबा," लेक म्हणाली. तिने शेजारच्या दोन पट्ट्या मारल्या. तिसरीवर ठक.

"पळाली," तो म्हणाला. "जास्त झालं." त्याने रेघेला रेघ लावून टेकू परत आणला, पहिल्या जागी, जिथे तिने सोडला होता. पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्याने डोळे मिटले. लेक तिन्ही पट्ट्या आळीपाळीने दाबत होती.

"आता?" त्याने विचारलं.

"थोडं राहिलंय."

त्याने इतकं थोडं वळवलं की वळवलं असं नुसतं वाटावं.

"बस," ती म्हणाली.

तिने पट्ट्या हळू मारल्या, जोरात मारल्या, पुढे-मागे सगळ्या मारल्या. नुसते सूर. खाली काही नव्हतं.

लेकीने ड्रॉवरमधून खोडरबर आणलं, मग हातातच धरून राहिली. "राहू द्या ना, बाबा. आत कोण बघतंय? तिच्या हातचं तेवढंच आहे."

त्यालाही तेच वाटत होतं. तेवढंच राहावं. पण पुढेमागे तो पियानो कुणीतरी उघडेल, पोपट किंवा त्याच्या हाताखालचा कुणी, बाण दिसेल, आणि तो माणूस टेकू आणखी वळवेल. कानवालीने सांगितलंय म्हणून वळवेल.

"काम झालं," तो म्हणाला. "पुसायला हवं. नाहीतर ती मला फैलावर घेईल."

त्याने खोडरबर घेतलं नाही. अंगठा ओला केला, फटीतून हात घातला आणि आधी बाण पुसला, मग लाकडावरची रेघ, मग टेकूच्या डोक्यावरची. अंगठा बाहेर काढला तेव्हा तो काळसर झाला होता. तसाच ठेवून त्याने फळी बसवली, ठोकळे बसवले, झाकण लावलं.

रविवारी माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या, दोघं खिडकीच्या कट्ट्यावर बसले. पोपट आला तसा कोट न काढताच पियानोपाशी गेला. डॉक्टर नाडी बघतो तसा तो कुठलाही पियानो आधी दोन-चार पट्ट्या हाणून बघायचा. त्याने मधली पट्टी हाणली. शेजारची हाणली. मान तिरकी केली. ही मान त्याने बाईंकडूनच उचलली होती.

मिस्त्री दारात उभा होता. लेक त्याच्याकडे बघत होती.

"वर्षभर कुणी हात लावला नाही याला?" पोपटने विचारलं.

"कोण लावणार?" मिस्त्री म्हणाला.

"आणि तरी असा बसलाय!" पोपटने खोलीभर पाहिलं. "बघा. आमच्या हॉलमधला दर महिन्याला कुरकुरतो. बाई शेवटपर्यंत ऐकत होत्या म्हणायचं."

"हो," मिस्त्री म्हणाला. "शेवटपर्यंत."

लेकीने मान खाली घातली आणि स्टूल पुढे ओढलं. तिने आईची चाल सुरू केली. डाव्या हाताची करंगळी अजून आळशीच होती.

तो ऐकत थोडा वेळ थांबला. मग एवढ्या माणसांचा चहा टाकायला आत गेला. किटली भरली, गॅस पेटवला. चमच्यांच्या खणात मागे हात घालून शिट्टी काढली, पुसली आणि किटलीला बसवली. तिथे उभं राहायची आता गरज नव्हती. तरी तो उभा राहिला.